आजीच्या तळव्यावर लिही

वॉटरटाऊन, मॅसॅच्युसेट्स
१२ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोललोच आहोत, तरी हे पत्र लिहायला बसले. तू बोलत होतीस तेव्हा मागून कोणीतरी आजीला "जेवायला चला" म्हणून दोनदा मोठ्यानं हाक मारली आणि मग "जाऊ दे, त्यांना नाही ऐकू येत" असं कानावर आलं. पुढे तू काय सांगितलंस ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. रागावून लिहीत नाहीये गं, तू एकटी किती बघशील! पण काचबिंदूनं तिची नजर गेली तेव्हा निदान रेडिओ तरी होता. आता कानही गेले. माजघरातल्या पलंगावर दिवसभर ती कोणाशी बोलत असेल?

आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर पर्किन्स ही अंधशाळा आहे. आंधळी-बहिरी हेलन केलर इथलीच विद्यार्थिनी. तेव्हा शाळा बॉस्टन शहरात होती, इकडे आली १९१२ साली. लहानपणी बाईंनी आम्हाला तिची गोष्ट सांगितली होती, ती हापशावर संपायची. एका हातावर पाणी पडतंय, दुसऱ्या हातावर तिच्या बाई 'पाणी' लिहितायत, आणि सहा वर्षांच्या पोरीला कळतं की प्रत्येक वस्तूला नाव असतं. ती तारीख ५ एप्रिल १८८७. पण ती मेली १९६८ साली, सत्त्याऐंशी वर्षांची होऊन. मधली ऐंशी वर्षं कुठे गेली, असं मला तेव्हा कधी विचारावंसंही वाटलं नाही.

तिच्या बाई, ॲन सलिव्हन, अलाबामात तिच्या घरी गेल्या तेव्हा फक्त वीस वर्षांच्या होत्या. लहानपणी खुपऱ्यांनी त्यांचे डोळे अधू झाले होते. आई वारली, बापानं सोडलं, म्हणून धाकट्या भावाबरोबर त्यांना अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमात टाकलं आणि काही महिन्यांत तो भाऊ तिथेच गेला. चौदाव्या वर्षी पर्किन्समध्ये आल्या तेव्हा स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. हातावर बोलायला त्या इथेच लॉरा ब्रिजमनकडून शिकल्या. लॉराही बहिरी आणि आंधळी, हेलनच्या चाळीस-पन्नास वर्षं आधी या शाळेत शिकलेली. हेलनसाठी नेलेल्या बाहुलीचे कपडे तिनंच शिवले होते. आई, मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. एकीच्या हातातून दुसरीच्या हातात, तिथून तिसरीच्या.

बोटांच्या वेगवेगळ्या ठेवणीतून एकेक अक्षर समोरच्याच्या तळहातात द्यायचं, अशी ती पद्धत. कॉलेजात अख्खी व्याख्यानं सलिव्हनबाई शेजारी बसून हेलनच्या हातात ओतत होत्या. १९०४ साली ती रॅडक्लिफमधून पदवीधर झाली, आत्मचरित्र त्याच्या आधीच्या वर्षी छापून आलं होतं. कोणी बोलत असलं की ती अंगठा त्याच्या गळ्यावर, एक बोट ओठांवर आणि एक नाकाशी ठेवून शब्द ओळखायची. माणसं तर नुसत्या हस्तांदोलनावरून ओळखायची.

आणि एकदा बोलायला मिळाल्यावर ती गप्प बसली नाही. आंधळेपण येतं कुठून याचा माग काढत गेली, तर कारखान्यातले अपघात आणि गरिबी दिसायला लागली. आईच्या गुप्तरोगामुळे नवजात बाळाचे डोळे जातात आणि औषधाच्या थेंबांनी ते वाचतात, हे तिनं बायकांच्या मासिकात उघड लिहिलं. त्या काळात चांगल्या घरात हा विषय काढतसुद्धा नसत. १९०९ मध्ये ती समाजवादी पक्षात गेली. जो संपादक आधी तिच्या बुद्धीचं तोंडभर कौतुक करत होता, तोच लिहू लागला की तिच्या चुका तिच्या अपंगत्वातून येतात. तिनं त्याला १९१२ मध्ये छापील उत्तर दिलं. बायकांच्या मताधिकारासाठी, युद्धाविरुद्ध, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी ती लिहीत-बोलत राहिली, आणि तिचे वडील गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या फौजेतले कॅप्टन! १९३३ साली नाझींनी तिचं पुस्तक जाळलं. लग्नाच्या बाबतीत मात्र घरच्यांनी तिचं चालू दिलं नाही. १९१६ मध्ये तिच्या सेक्रेटरीशी ठरत होतं, ते मोडलं. छत्तीस वर्षांची बाई होती गं ती. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

१९५५ मध्ये ती भारतातही येऊन गेली, पंडित नेहरूंना भेटली. मुंबईत तिच्या नावाची, ऐकू न येणाऱ्या आणि कान-डोळे दोन्ही नसलेल्या मुलांची संस्था १९७७ पासून आहे. तिथे दादाला चौकशी करायला सांग, मोठ्या माणसांसाठी काय करता येईल ते ते सांगू शकतील.

तोवर एक करून बघ. आजी चौथी शिकलेली आहे, पोथी वाचायची. बोटांची लिपी तिला नको, तळव्यावर आपली बाराखडीच चालेल. परवा रात्री यांना डोळे मिटून बसवलं आणि मी त्यांच्या तळव्यावर लिहून पाहिलं. अक्षर मोठं काढायचं, एकावर एक त्याच जागी. शिरोरेघ देऊ नकोस, उगाच रेघोट्या वाढतात. 'घ' आणि 'ध'चा घोळ होतो, पण ते ती संदर्भानं लावेल. शब्द संपला की पाटी पुसतात तसा तळव्यावरून हात फिरवायचा. लिहिण्याआधी तिचा हात तुझ्या बांगड्यांवर ने, म्हणजे कोण आलंय ते कळेल. एकदम अंगाला हात लावला की ती दचकते.

आमटीत मीठ कमी आहे म्हणून भांडायला लागली तर भांडू दे.

शेजारचे काका पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर हे पत्र देतेय. पाकिटात पंचवीस सेंटचं एक नाणं आहे, अलाबामाचं, २००३ सालचं. हेलन मांडीवर पुस्तक घेऊन खुर्चीत बसली आहे आणि शेजारी ब्रेलमध्ये तिचं नाव आहे. ठिपके फार बारीक आहेत, माझ्या बोटाला नीट लागत नाहीत. आजीची बोटं वाती वळून वळून तयार झालेली आहेत, तिला लागतात का बघ. डावा तळवा घे, उजव्या हातात जपमाळ असते. पहिला शब्द 'चहा' लिही, आणि लगेच कप हातात दे. दुसरा माझं नाव.

तुझी,
मनू