शिकारीच्या कथेतली दोस्ती

महोदय,

आमच्या वाचनकट्ट्यावर नुकतीच टोबायस वुल्फ यांच्या ‘हंटर्स इन द स्नो’ या अमेरिकन कथेवर चर्चा झाली, तेव्हा बहुतेकांनी तिला हिंसेची कथा ठरवले. मला मात्र ती मैत्रीची कथा वाटते, आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करते. तीन मित्र हरणाच्या शिकारीला जातात. लठ्ठ टबची सतत टिंगल होते, केनी एका शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला गोळी घालतो आणि आता आपलीच पाळी, या भीतीने टब केनीवर गोळी झाडतो. कुत्र्याला मारण्याची विनंती खुद्द मालकाने केली होती, हे नंतर कळते. पुढे जखमी केनी उघड्या गाडीत गारठत पडलेला असताना उरलेले दोघे वाटेत ऊब घ्यायला थांबतात, एकमेकांना गुपिते सांगतात आणि प्रथमच जिवलग होतात. दवाखान्याच्या रस्त्याचा कागद मात्र टेबलावरच राहतो.

दाजीपूरचे जंगल एकेकाळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, पण टोळक्यातल्या एकालाच धरून बाकीच्यांनी हसण्याची रीत रंकाळ्याच्या काठावर आजही दिसते. आमच्यातही असा एक ‘जाड्या’ होता (हे नाव मीच पाडले होते). ही कथा वाचल्यावर त्याला फोन करावासा वाटला, तेव्हा लक्षात आले की त्याचा नंबर आमच्यापैकी कोणाकडेच नाही.

— एक वाचक, कोल्हापूर