पहिले दोन दिवस तुम्ही दोघंच

हायडेलबर्ग (जर्मनी), रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, काल फोनवर तू तीनदा विचारलंस, "आम्ही दोघंच कसे गं फिरणार?" आणि मागून बाबा म्हणाले, "नकाशा आहे की!" म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलेलं तुम्ही दोघं वेगवेगळं ऐकता आणि मग माझ्या नावाने भांडता. गुरुवार-शुक्रवार मला रजा नाही, साडेपाचपर्यंत मी ऑफिसात. तेव्हा हे प्रिंट काढून पर्समध्ये ठेव.

घरातून निघालात की नेकार नदीचा पूल ओलांडायचा, समोर बिस्मार्कप्लाट्झ हा चौक. तिथून हाउप्टस्ट्रासे सुरू होतो. दीड किलोमीटरच्या वर सरळ रस्ता, गाड्या नाहीत, चढ नाही. मात्र खाली दगडी फरसबंदी आहे. आई, नव्या सँडल कौतुकाने घालू नकोस, फिरायला जातेस ते जुने बूटच आण.

बाबा, रस्त्यात थोडं पुढे गेलात की एक उंच पुतळा दिसेल. जवळ जाऊन नाव वाचा. बुन्सेन! तुम्ही तीस वर्षं ज्याचा बर्नर मुलांच्या हातात दिलात, तोच. १८५२ मध्ये तो इथे रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. बर्नर प्रत्यक्ष घडवला तो विद्यापीठातल्या पेटर डेसागा नावाच्या यंत्रकाराने, पण नाव राहिलं साहेबांचं. तुमच्या शाळेत प्रयोगशाळा शिपाईमामा लावायचे आणि कौतुक कुणाचं व्हायचं, तसंच. सांगतात, एका रात्री मानहाइमला लागलेली आग बुन्सेन आणि त्याचा सहकारी किर्शहोफ यांनी इथल्या खिडकीतून वर्णपटमापकाने (प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्राने) पाहिली आणि त्या ज्वाळांत बेरियम आणि स्ट्रॉन्शियम आहे हे घरबसल्या ओळखलं. सिझियम आणि रुबिडियम ही मूलद्रव्यंही या दोघांनीच शोधली, १८६० आणि १८६१ मध्ये. तिथे हवा तेवढा वेळ उभे राहा. आई, तू तोवर बाकावर बस.

पुढे चौकात हायलिगगाइस्ट चर्च आहे. आत जा, चपला काढायच्या नसतात. १७०६ पासून या चर्चच्या मधोमध भिंत होती, एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट. ती कायमची पडली १९३६ मध्ये. आपल्या वाड्यात काका आणि आजोबांच्या मधली भिंत आठवली की नाही? चर्चसमोरचं १५९२ चं हाउस झुम रिटर बघा. १६९३ मध्ये फ्रेंच सैन्याने गाव जाळलं, त्यातून हे घर वाचलं. बाकीचं बहुतेक गाव नंतर त्याच गल्ल्यांवर नव्याने उभं राहिलं.

किल्ल्यावर चालत जायचं नाही. ३१५ पायऱ्यांची वाट आहे म्हणून बाबा हट्ट करतील, ऐकू नकोस. कोर्नमार्क्ट चौकाजवळून दोरखंडाची रेल्वे निघते, बेर्गबान. किल्ल्याच्या तिकिटात तिचं जाणं-येणं धरलेलं असतं, वेगळं तिकीट काढू नका. पहिल्याच थांब्यावर उतरायचं. किल्ला अर्धा पडका आहे. फ्रेंचांनी सुरुंग लावले, डागडुजी चालू होती तर १७६४ मध्ये वीज पडली, मग सोडूनच दिला. तळघरात १७५१ चं लाकडी पिंप आहे, सुमारे दोन लाख वीस हजार लिटरचं! शेतकरी कर म्हणून वाइन आणून द्यायचे, ती सगळी यात ओतायची. समोर पेर्केओ या बुटक्या विदूषकाचा पुतळा. तो जन्मभर वाइन प्यायचा आणि एकदा चुकून पाणी प्यायला तर मेला, अशी कथा. बाबा, ही कथा इथेच ठेवायची, साताऱ्याला न्यायची नाही. त्याच तिकिटात औषधांचं संग्रहालय आहे, तिथे बाबांना एक तास लागेल.

विद्यार्थ्यांची कोठडी मात्र शनिवारी आपण मिळून बघू, उघडी आहे का ते मी आधी विचारून ठेवते. दारू पिऊन गोंधळ घातला की विद्यापीठच मुलांना कोंडायचं, १९१४ पर्यंत. पोरांनी भिंती, छत सगळं काजळीने आणि रंगांनी चितारून टाकलंय, टोप्या घातलेले काळे चेहरे, नावं, तारखा. बाबांच्या वर्गाबाहेर अंगठे धरणारी मुलं असं काही करत नव्हती, एवढंच.

पाणी विकत घेऊ नका, नळाचं पिता येतं. मी पहिल्या आठवड्यात सहा बाटल्या आणल्या आणि चहाला ठेवलं तर भांड्यात फसफस. सोड्याचं पाणी! स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी हवीत. आणि रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच.

आता आई, तुझ्यासाठी. "तिथे आपलं कोण आहे?" म्हणालीस ना? इथल्या विद्यापीठात गुंथर सोन्थायमर नावाचे प्राध्यापक होते. १९९२ मध्ये गेले. जन्मभर आपला खंडोबा, बिरोबा आणि म्हस्कोबा यांच्या मागे होते. धनगरांबरोबर रानोमाळ हिंडले, त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या. हे विद्यापीठ १३८६ चं, जर्मनीतलं सगळ्यात जुनं, आणि तिथे आपल्या कुलदैवताचा अभ्यास झालाय. मला हे इथे येऊन तिसऱ्या वर्षी कळलं, तेही एका जर्मन मुलीने "तू पालीच्या जत्रेला गेलीयेस का?" विचारल्यावर. मी "लहानपणी" म्हणाले आणि विषय बदलला, कारण तळी कशी भरतात ते मला नीट सांगता येईना. तू आलीस की तिला घरी बोलावते. तूच सांग.

भंडाऱ्याची पुडी घट्ट बांधून आण, कपड्यांना लागेल. आणि बाबांचा गुडघ्याचा पट्टा मोठ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत.

तुमची,
मनू