‘असे सांगतात’ हे शब्द गाळू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘एल्डर स्क्रोल्स’ या संगणक-खेळांच्या मालिकेवर एक लेख आला होता. त्या खेळांमधले देव मुळात कोण होते, याविषयी चाहते काय काय तर्क करतात, हा त्याचा विषय. लेख जीव लावून लिहिलेला आहे आणि या विषयाला वर्तमानपत्रात एवढी जागा मिळालेली पाहून मला फार आनंद झाला. पण त्यातल्या दोन वाक्यांना माझी हरकत आहे. एक, ‘व्हिवेक, अल्मालेक्सिया आणि सोथा सिल यांनी नेरेवारचा खून करून देवपण मिळवले.’ दुसरे, ‘टॅलोस हा देव तीन माणसे मिळून झाला.’ पुढच्या आठवड्यात एका वाचकाचे पत्र आले. इतकी वर्षे वाद घालण्यापेक्षा निर्मात्यांनी एकदा खरे काय ते जाहीर करून टाकावे, असे त्यांचे म्हणणे. त्या पत्राने मी जास्त अस्वस्थ झाले.

मी ३१ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. ओळ बसत नसली की सर्वांत आधी उडतात ते ‘असे सांगतात’, ‘असे मानले जाते’, ‘त्यांच्या मते’ हे शब्द. ते उडाले तरी वाक्य शुद्धच राहते, म्हणून कुणाला काही खटकत नाही. लेखातल्या त्या दोन वाक्यांत हेच झाले आहे.

‘मॉरोविंड’ हा या मालिकेतला खेळ २००२ साली आला. माझी मुलगी तो कॉलेजात असताना खेळायची आणि कामावरून आले की मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची. तिला गुहांत उतरायचे असे, मला वाचायचे असे. त्या खेळात कुणाच्याही घरातल्या कपाटातले पुस्तक उघडून वाचता येते. अशी पुस्तके शेकड्याने आहेत: इतिहास, प्रवचने, पत्रे, पाखंडी ठरवलेल्या पुस्तिका. “आई, वाचून झालं का?” असे ती दर दोन मिनिटांनी विचारी आणि मी म्हणे, “पान उलटू नकोस अजून.” पुढे मी एक वहीच घातली. प्रत्येक पुस्तकासाठी तीन रकाने: कोण सांगतो, कुणाला सांगतो, त्यात त्याचा काय लाभ.

आता त्या तिघांविषयी. मॉरोविंडमधल्या डार्क एल्फ लोकांचे हे तीन जिवंत देव. एके काळी ते नेरेवार नावाच्या सेनापतीचे सल्लागार होते, साधी मर्त्य माणसे. रेड माउंटनच्या लढाईच्या सुमारास नेरेवार मेला, ड्वेमर ही सगळी जमात एका क्षणात नाहीशी झाली आणि पुढे केव्हातरी हे तिघे देव झाले. त्यांची शक्ती त्या डोंगराखाली असलेल्या, लॉर्कान या प्राचीन देवाच्या हृदयातून येत होती, यात वाद नाही. हे व्हिवेक स्वतः कबूल करतो. वाद आहे तो नेरेवार मेला कसा याचा.

मंदिर म्हणजे या तिघांची पूजा करणारा पंथ. त्याच्या मते नेरेवार लढाईतल्या जखमांनी मेला. ॲशलँडर म्हणजे राखेच्या प्रदेशात भटकणाऱ्या टोळ्या. त्या सांगतात की तिघांनी त्याला मारले. एकीच्या मेणबत्त्या विषारी होत्या, दुसऱ्याने दिलेली वस्त्रे आणि तिसऱ्याचे मंत्र. ही हकिगत त्यांच्याकडे आली ती नेरेवारचा साथीदार आलांद्रो सुल याच्याकडून, असेही त्याच सांगतात. मंदिरातून फुटून निघालेल्या पुजाऱ्यांनी याबाबत व्हिवेकला विचारले, त्याचे उत्तरही खेळात वाचायला मिळते. त्याची सुरुवातच मोठी विलक्षण आहे. इतक्या जुन्या काळातले स्पष्ट कोणाला आठवणार, अशा अर्थाचे तो बोलतो आणि मग सगळे तपशीलवार सांगतो: त्या हृदयातून शक्ती काढणारी ड्वेमरांची हत्यारे वापरायची नाहीत, अशी शपथ नेरेवारने आम्हा तिघांकडून घेतली होती, ती आम्ही पुढे मोडली. शपथ मोडल्याचे मान्य, खून मात्र नाही.

माझ्या वहीत या तिन्ही हकिगतींपुढे तिसरा रकाना भरलेला आहे. मंदिराचा लाभ उघड आहे. व्हिवेकचाही. पण ॲशलँडरांचाही आहे, हे फार जण विसरतात. मंदिराने ज्यांना रानटी ठरवून बाजूला टाकले, त्या टोळ्यांकडे स्वतःची म्हणावी अशी हीच एक गोष्ट उरली होती. म्हणून ती खोटी, असे मी म्हणत नाही. पण दुबळ्याने सांगितली एवढ्यावर ती खरी ठरत नाही.

लेखकाने खुनाचा निष्कर्ष काढला तो बहुधा व्हिवेकच्या ३६ प्रवचनांवरून. त्यांचा लेखात ओझरता उल्लेख आहे. मला त्याबद्दल सविस्तर लिहायचे आहे, कारण खेळांच्या जगात यापेक्षा सुंदर काही मी पाहिलेले नाही. ही प्रवचने व्हिवेकने नेरेवारला उद्देशून लिहिली आहेत. भाषा अतिशय गूढ, पहिल्या वाचनात निम्मे डोक्यावरून जाते. एकोणतिसाव्या प्रवचनात आकड्यांची एक यादी आहे. त्या आकड्यांइतके शब्द त्या त्या क्रमांकाच्या प्रवचनात मोजत गेले की एकेक शब्द हाती येतो. पहिल्या प्रवचनापुढे आकडा एक आणि पहिला शब्द ‘तो’. असे मूळ इंग्रजीत मोजत गेले की जे वाक्य जुळते त्याचा अर्थ असा: तो देव म्हणून जन्मला नाही. नियतीने त्याला या गुन्ह्याकडे नेले नाही, त्याने ही वाट स्वेच्छेने धरली. त्याने देवपण चोरले आणि होर्टेटरचा खून केला. हे व्हिवेकने लिहिले. होर्टेटर ही नेरेवारची पदवी. शेवटच्या प्रवचनातल्या परिच्छेदांची आद्याक्षरे घेतली तर तिथेही ‘अधम खून’ अशा अर्थाचे शब्द निघतात.

हे पहिल्यांदा शोधले इतरांनी. मुलीने मला सांगितले तेव्हा मी ऐकून घेतले आणि रात्री सगळी प्रवचने कागदावर उतरवून पेन्सिलीने शब्द मोजायला बसले. मोजताना दोनदा माझीच चूक झाली, पुन्हा पहिल्यापासून मोजले. ‘खून केला’ हे शब्द माझ्या पेन्सिलीखाली आले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि मला मुलीला उठवावेसे वाटले. उठवलेच.

मग मी खून झाला असे का मानत नाही? मुलगी हेच विचारते. ती आता दूर राहते आणि आमचे फोन अजूनही या मुद्द्यावर अडतात. तिच्या दृष्टीने हा कबुलीजबाब आहे, विषय संपला. मला अडवते ते हे, की ज्याने कबुली दिली तोच माणूस समोरासमोर नाकारतोही आणि दोन्ही त्याचेच शब्द आहेत. तो कवी आहे. स्वतःचा जन्मसुद्धा त्याने त्याच प्रवचनांत देवाला शोभेल असा रंगवला आहे आणि त्याच पानांच्या पोटात ‘तो देव म्हणून जन्मला नाही’ हे दडवले आहे. एकाच ग्रंथात वरचा मजकूर एक आणि आतला दुसरा. आतला तो खरा, असे आपण धरतो, कारण तो कष्टाने सापडलेला असतो. कष्टाने सापडलेल्यावर माणसाचा विश्वास पटकन बसतो. माझाही त्या पहाटे बसला होता.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. हे सापडते कुणाला? खेळणाऱ्याला. आणि मॉरोविंडमध्ये खेळणारा कोण, तर नेरेवारचाच पुनर्जन्म, असे भाकीत आहे. म्हणजे ज्याचा खून झाला म्हणतात, तोच परत येऊन मारेकऱ्याचा गुप्त जबाब शब्द मोजून वाचतो. तो पुनर्जन्म खरा की आपण केवळ अटी पूर्ण केल्या, हेही खेळ सांगत नाही. आपल्याआधी प्रयत्न करून अपयशी ठरलेल्यांची भुते एका गुहेत भेटतात, त्यांनाही तसेच वाटले होते. आणि हाच व्हिवेक शेवटी रेथगार्ड हा हातमोजा आपल्या हाती देतो. ज्या हृदयावर त्याचे देवपण टिकून आहे त्याचा संबंध तोडायला तो लागतो, हे त्याला ठाऊक असते. ही कृती कबुलीपेक्षा मोठी की खून लपवणाऱ्याची शेवटची चतुराई? मी बरीच वर्षे विचार करते आहे. ‘खून करून देवपण मिळवले’ असे एका ओळीत छापले की नव्या वाचकाला हा विचार करायची संधीच उरत नाही.

टॅलोसचे थोडक्यात. सम्राट टायबर सेप्टिम मेल्यावर देव झाला, हा अधिकृत इतिहास. तो, वुल्फहार्थ हा जुना राजा आणि झुरिन आर्क्टस हा सम्राटाचा युद्धजादूगार मिळून टॅलोस झाला, या तर्काचा पाया मुख्यतः ‘द आर्क्ट्युरियन हेरसी’ या खेळातल्या पुस्तकावर आहे. त्याचा लेखक म्हणून अंडरकिंगचे नाव आहे. म्हणजे सम्राटाने ज्याचा घात केला असे तेच पुस्तक सांगते, तो स्वतः. फिर्यादीनेच लिहिलेला पंचनामा! त्या पुस्तकात सम्राटाचे मूळ नाव ह्याल्टी असल्याचे म्हटले आहे. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये ओल्ड ह्रोल्डनच्या सराईत एक सैनिकाचे भूत आपल्याला ‘ह्याल्टी’ म्हणून हाक मारते आणि त्याने कबूल केलेली तलवार मागते. त्यामुळे नावाला बळकटी आली, हे खरे. पण नाव खरे ठरले म्हणून तीन जणांचा एक देव झाला हे सिद्ध होत नाही. पुराव्याने जेवढे दिले तेवढेच घ्यावे.

आता निर्मात्यांनी खुलासा करण्याबद्दल. त्यांच्यावर ही वेळ एकदा आलेली आहे. १९९६ च्या ‘डॅगरफॉल’ला एकमेकांशी न जुळणारे अनेक शेवट होते. पुढचा खेळ करताना त्यांतला कोणता खरा, हे ठरवणे भाग होते. त्यांनी सगळेच खरे धरले. तेवढ्यापुरता काळच तुटला होता आणि सगळे शेवट एकाच वेळी घडले, असे त्यांनी खेळातल्या ग्रंथांतूनच सांगितले. एक शेवट खरा ठरवला असता तर बाकीचे ज्यांनी गाठले, त्यांचे सगळे श्रम खोटे ठरले असते. पत्रलेखकाने या निर्णयाचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. देवांच्या उगमाबाबत ते जो निकाल मागतात, तो मिळाला तर माझ्या वहीतला ‘कोण सांगतो’ हा रकाना कायमचा एकाच नावाने भरेल.

३६ प्रवचने लिहिणारे मायकेल कर्कब्राइड यांनी पुढे खेळाबाहेरही या जगाविषयी पुष्कळ लिहिले. ते मजकूर प्रमाण मानायचे की नाही, यावर चाहत्यांत तट आहेत. मी ते आवडीने वाचते आणि वहीत परिशिष्ट म्हणून वेगळ्या शाईने उतरवते. मूळ संहिता आणि परिशिष्ट यांची शाई एक होऊ नये, एवढाच माझा आग्रह. लेखात लॉर्कानविषयी जे लिहिले आहे त्यात या दोन्ही शाया मिसळल्या आहेत. एल्फ त्याला जग निर्माण करण्याच्या बहाण्याने देवांना फसवणारा म्हणतात आणि माणसे त्यालाच शॉर म्हणून आपला कैवारी मानतात, एवढे खेळातल्या ग्रंथांत जागोजागी आहे. त्यापलीकडचे जे आहे ते बाहेरचे आहे, असे एका शब्दाने सांगितले असते तरी पुरले असते.

लेखकावर माझा राग नाही. त्यांनी हे खेळ प्रेमाने खेळले आहेत, हे ओळीओळीत दिसते. आपण पुढील पुरवणीत खालील दुरुस्ती छापावी, ही विनंती.

‘खून करून देवपण मिळवले’ याऐवजी ‘खून करून देवपण मिळवले, असे ॲशलँडर सांगतात, मंदिराला ते मान्य नाही आणि खुद्द व्हिवेकचे लेखन दोन्ही बाजूंनी बोलते’ असे वाचावे.

‘तीन माणसे मिळून झाला’ याऐवजी ‘तीन माणसे मिळून झाला असावा, असा चाहत्यांचा तर्क आहे’ असे वाचावे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक