चॅटबॉटचे गणित आणि सुरक्षा अधिकाऱ्याची सही

महोदय,

किरणोत्सर्गी स्रोत हाताळणाऱ्या ठिकाणी संरक्षक भिंतींच्या जाडीची गणिते, कामाच्या परवानगीचे अर्ज आणि प्रशिक्षणाची टिपणे आता एआय चॅटबॉटकडून करून घेतली जाऊ लागली आहेत. मी बरीच वर्षे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी म्हणून काम करत आहे आणि चॅटबॉट स्वतःही वापरतो, त्यामुळे माझा आक्षेप त्या साधनाला नाही. त्याने दिलेला आकडा कोणीही स्वतः न मांडता थेट सहीसाठी पुढे येतो, याची मला खरी काळजी वाटते.

एक प्रसंग सांगतो. औद्योगिक रेडिओग्राफीसाठी, म्हणजे धातूच्या आतले दोष किरणांनी तपासण्यासाठी, इरिडियम-192 या किरणोत्सर्गी पदार्थाचा 40 क्युरी तीव्रतेचा स्रोत कोलिमेटरशिवाय (किरणांना एकाच दिशेपुरते मर्यादित ठेवणाऱ्या कवचाशिवाय) वापरायचा होता आणि दोरी बांधून लोकांना किती अंतरावर रोखायचे, याचे टिपण एका तरुण सहकाऱ्याने चॅटबॉटकडून तयार करून आणले. भाषा नेटकी होती, पायऱ्या क्रमाने होत्या, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियमही (अंतर दुप्पट झाले की किरणांचा मारा चौथाईवर येतो) बरोबर लावलेला होता. मात्र मध्येच एका ओळीत 40 हा आकडा क्युरीऐवजी गिगाबेक्वेरल म्हणून धरला गेला होता. दोन्ही स्रोताच्या तीव्रतेचीच एकके आहेत, पण एक क्युरी म्हणजे 37 गिगाबेक्वेरल. स्रोत 37 पटींनी क्षीण मानला गेल्यामुळे दोरीचे अंतर सुमारे सहा पटींनी कमी निघाले. तासाला 7.5 मायक्रोसिव्हर्ट ही मर्यादा धरली (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक; हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट) तर जिथे साधारण 160 मीटरवर दोरी हवी, तिथे ती 26 मीटरवर बांधली गेली असती. असा उघडा स्रोत एक मीटरवर तासाला जवळपास 200 मिलिसिव्हर्ट देतो, म्हणजे कर्मचाऱ्याची वर्षाची 20 मिलिसिव्हर्टची सरासरी मर्यादा तेथे सहा मिनिटांत संपते. हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याला 26 मीटर हे उत्तर वाचताक्षणीच खटकते. नवख्याला ते खटकण्याचे काही कारण नसते.

त्याहून मला अस्वस्थ केले ते पुढच्या गोष्टीने. तेच गणित त्याच चॅटबॉटला तपासायला सांगितले, तेव्हा त्याने ते बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. चूक दाखवल्यावर क्षमा मागून उत्तर बदलले, आणि नंतर मी मुद्दाम त्या बरोबर उत्तरालाच चूक म्हटले, तर तेही त्याने बदलले. याला स्वतंत्र पडताळणी म्हणता येत नाही.

यंत्राच्या उत्तरावर विसंबण्याची किंमत या क्षेत्राने पूर्वीच मोजली आहे. पनामातील कर्करोग उपचार केंद्रात 2000-01 च्या सुमारास उपचार नियोजनाच्या संगणकात निरोगी भाग झाकणाऱ्या संरक्षक ठोकळ्यांची माहिती वेगळ्या पद्धतीने भरली गेली, संगणकाने ती कोणताही इशारा न देता स्वीकारली आणि किरणोपचाराचा वेळ जास्त काढला. तो वेळ हाताने पडताळला न गेल्यामुळे 28 रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा मिळाली. ती प्रणाली तर याच कामासाठी बनवलेली होती.

नियमांच्या बाबतीत धोका वेगळा आहे. डोळ्याच्या भिंगासाठी वर्षाला 150 मिलिसिव्हर्ट ही जुनी मर्यादा आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने 2011 मध्ये 20 च्या सरासरीवर आणण्याची शिफारस केली, पण त्याआधीच्या असंख्य मजकुरांत 150 च छापलेले आहे. संपूर्ण शरीरासाठी एका वर्षातील कमाल मर्यादा अमेरिकेत 50, तर भारतात 30 मिलिसिव्हर्ट आहे. विचारणाऱ्याने देश आणि वर्ष सांगितले नाही, तर चॅटबॉट यांपैकी कोणताही आकडा तितक्याच ठामपणे देऊ शकतो. (फॉस्फरस-32 सारख्या बीटा स्रोतासमोर, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या स्रोतासमोर, आधी शिसे लावल्यास क्ष-किरण निर्माण होतात, म्हणून आधी सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे प्लॅस्टिक लावायचे असते, अशा बारकाव्यांतही सरधोपट उत्तर घातक ठरते.)

नव्या कर्मचाऱ्याला अर्धायुष्य (स्रोताची तीव्रता निम्मी होण्याचा काळ) सोप्या शब्दांत समजावणे, प्रशिक्षणासाठी प्रश्न काढणे, लांबलचक अहवालाचा मसुदा सुधारणे या कामांत चॅटबॉट खरोखर उपयोगी पडतो आणि तिथे तो अवश्य वापरावा. स्रोत कुठे ठेवले आहेत, त्यांच्या चाव्या कोणाकडे असतात आणि कोणत्या कर्मचाऱ्याला किती मात्रा मिळाली, ही माहिती मात्र त्यात कधीही भरू नये.

माझी मागणी एवढीच आहे की, प्रत्येक संस्थेने आपल्या सुरक्षा नियमावलीत याची लेखी तरतूद करावी. चॅटबॉटची मदत घेतली असल्यास तसे टिपणावर नमूद व्हावे. प्रत्येक आकड्यासमोर त्याचे एकक आणि तो कोणत्या अधिकृत प्रकाशनातून घेतला ते लिहावे. आणि सही करणाऱ्याने चॅटबॉटचे उत्तर पाहण्याआधी स्वतः हाताने मांडलेले गणित त्याच कागदाला जोडावे. स्रोत बाहेर काढल्यावर दोरीपाशी सर्व्हे मीटरने (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणाने) घेतलेले वाचनही त्याच कागदावर नोंदवावे, आणि ते गणितापेक्षा जास्त आले तर काम तिथेच थांबवून स्रोत त्याच्या संरक्षक पेटीत परत घ्यावा.

आपला,
एक किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी