खोली स्वस्त, मुक्काम महाग

संपादक महोदय,

कॅसिनो हॉटेलातल्या मुक्कामाबद्दल नाराजी व्यक्त होते ती बहुधा बिल हाती पडल्यावर, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. खोलीचा दर कमी दिसतो, पण तलाव, जिम, वायफाय वापरा न वापरा, 'रिसॉर्ट फी' रोजच्या रोज चढते. अमेरिकेत १२ मे २०२५पासून असे सक्तीचे शुल्क जाहिरातीतल्या दरातच धरून दाखवावे लागते. मात्र ते आकारायला बंदी नाही आणि सरकारी कर वेगळे लागू शकतात. म्हणून सगळ्या रात्रींची, करांसह एकूण रक्कम आरक्षणाआधीच ईमेलवर लेखी मागावी.

चेक-इनच्या वेळी कार्डावर अनामत रोखून धरतात. क्रेडिट कार्ड असेल तर फक्त मर्यादा घटते. डेबिट कार्ड दिले तर खात्यातले पैसे अडकतात आणि हॉटेलने सोडल्यावरही ते मोकळे व्हायला काही दिवस जातात. मिनीबारमध्ये, म्हणजे खोलीतल्या विकतच्या पेयांच्या फ्रीजमध्ये, बऱ्याच ठिकाणी सेन्सर असतो. इन्सुलिनची पेटी ठेवायला आतला कॅन जरा वेळ बाहेर काढला, तरी तो विकला गेल्याची नोंद होते. औषधासाठी वेगळा फ्रीज मागावा आणि निघण्याच्या आदल्या रात्री बिल तपासून अशी नोंद काढायला लावावी.

धुराचा त्रास सर्वांत वाईट. खोली 'नो स्मोकिंग' असली तरी खालच्या खेळाच्या दालनात धूम्रपान चालत असेल तर उपयोग थोडाच. थंडीत उंच इमारतीतली उबदार हवा लिफ्टच्या पोकळीतून वर चढते आणि तो धूर वरच्या मजल्यांवर सोडते. त्यामुळे उंचावरची खोली हा उपाय नव्हे. लिफ्टपासून लांबची मागावी. शेजारच्या खोलीत उघडणारे मधले दार असलेली खोलीही नाकारावी, कारण त्या दाराच्या फटीतून पलीकडचा टीव्ही रात्रभर ऐकू येतो.

राहता राहिली जुगार खेळणाऱ्यांना कॅसिनो देतो ती 'मोफत खोली'. दोन शून्यांच्या, ३८ घरांच्या रुलेटवर (फिरत्या चाकावरच्या जुगारावर) लावलेल्या पैशांत कॅसिनोचा वाटा सरासरी ५.२६ टक्के. दर फेरीला १०, तासाला ४० फेऱ्या, तीन तास, म्हणजे १२०० लावले जातात आणि अपेक्षित तोटा ६३ होतो. एकच शून्य असेल तर तो ३२वर येतो. या अपेक्षित तोट्यातला काही हिस्सा खोलीच्या रूपाने परत देतात. तुम्ही त्या रात्री प्रत्यक्ष किती हरलात यावर तो सहसा ठरत नाही. कमी खेळल्यास खोलीचे पूर्ण भाडे लावणार का, हेही आधीच लेखी विचारावे.

आपला,
एक वाचक