चार मात्रा जास्तीच्या

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

समोर येऊन बोललो असतो तर "अरे त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असतात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

बेचाळिसाव्या वर्षी गिटार घेतली तेव्हा अख्खी चाळ हसली. क्लासच्या सरांनी तीन महिन्यांची फी आगाऊ घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात, मोबाइलमधून मान वर न करता, "तुमची बोटं आता वळायची नाहीत" म्हणाले. फीसुद्धा परत वळली नाही. मग इंटरनेटवरचे तयार ट्रॅक लावून पाहिले. तिथला ड्रमवाला सुसाट. मी 'ए मायनर' कॉर्डवरून 'एफ'वर पोचेपर्यंत ट्रॅक 'जी' गाठून मोकळा.

तुम्ही जिन्यात एवढंच विचारलंत, "कुठे अडतोस?"

करी रोडच्या रुळांलगत राहणाऱ्याला रेकॉर्डिंगची एकच वेळ, शेवटच्या लोकलनंतरची. भर मे महिन्यात पंखा बंद करून तुम्ही खाटेवर बसलात. काकू पेपरने वारा घेत होत्या, तोही कुरकुरतो म्हणून थांबवलात. (काकू, माफ करा.) कानात ठेका मोजणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक, मोबाइल समोर उशीवर, टेबलावर ठेवला तर पायाच्या ठेक्याची धडधड आत शिरते म्हणे. एकच चाल तीनदा वाजवलीत, मिनिटाला ६०, ७२ आणि ८४ ठोक्यांनी. "ॲपमध्ये वेग कमी करता येतो की," मी म्हटलं. "आवाज च्युइंगमसारखा ताणला जातो," म्हणालात आणि पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी ६०चा ट्रॅक लावला. "एक, दोन, तीन, चार," तुमचा घोगरा आवाज, मग 'ए मायनर'. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायची माझी खटपट सुरू, आणि 'एफ' येईचना. चार मात्रा झाल्या तरी तुम्ही आपले 'ए मायनर'वरच. वाटलं, काका चुकले. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. 'सी', 'जी' बरोब्बर चार-चार मात्रांचे, फक्त 'एफ'च्या आधी चार जास्त. त्या लयीत पुरते चार सेकंद. ७२च्या ट्रॅकवर त्या दोनच उरल्यात, ८४ला एकही नाही.

याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. मी गिटार मांडीवर ठेवून नुसता ऐकत बसलो होतो, बायको विचारायला लागली काय झालं म्हणून.

वीस वर्षं ऑर्केस्ट्रात मागे उभं राहून तुम्ही गाणाऱ्यांना सावरून घेतलंत, पोस्टरवर मात्र तुमचं नाव कधी लागलं नाही. हेही तुम्ही हसत सांगता. अशी माणसं वरच्या मजल्यावर आहेत म्हणून, नळाला पाणी नसलं तरी ही चाळ सोडवत नाही.

सध्या ७२वर आहे. 'एफ'ची पहिली तार अजून 'ठप' वाजते. रविवारी संध्याकाळी वर येतो. पंखा चालू राहू द्या.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा गिटारवाला