आईचं दुखणं मनाचं नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेतले वेदना-संशोधक मायकेल कॅटरिना यांच्यावरचा लेख वाचला आणि संताप आला. मिरची का झोंबते हे शोधणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख. बाकी सगळा लेख शेंगाचटणी आणि सोलापूरच्या उन्हावरच्या विनोदांनी भरलेला. त्वचा आणि वेदना यांवर या माणसानं जे काम केलं, त्याला एक ओळसुद्धा नाही.

1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत मिरचीला तिखट करणाऱ्या कॅप्सेसिन या रसायनाला प्रतिसाद देणारं, मज्जातंतूंवरचं प्रथिन सापडलं. त्या शोधनिबंधावर पहिलं नाव कॅटरिना यांचं आहे. हेच प्रथिन साधारण 43 अंशांच्या वरची उष्णताही ओळखतं. (हवेचा पारा 43 वर गेला म्हणून कातडी तेवढी तापत नाही, घाम तिला थंड ठेवतो. तुमच्या लेखकानं दोन्ही एकच धरलं.) 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना मिळालं, हे लिहून तुम्ही थांबलात. पण हे प्रथिन नसलेल्या उंदरांना सूज आल्यावरही उष्णतेचा जादा त्रास जवळजवळ होत नाही, हे 2000 साली दाखवणाऱ्या शोधनिबंधावरही पहिलं नाव कॅटरिना यांचंच होतं. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींवर काम केलं. या पेशी नुसतं आवरण नाहीत, त्यांनी सोडलेली रसायनं आतल्या मज्जातंतूंना चेतवू शकतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं.

हे मला का लागलं, ते सांगतो. माझ्या आईला नागीण झाली होती. सोलापूरच्या पूर्व भागात सगळा जन्म विड्या वळण्यात गेलेली बाई, दुखणं बोलून दाखवायची सवयच नाही. कमरेच्या उजव्या बाजूला फोड आले. शेजारणींनी गेरू लावला आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणून तिला घाबरवून सोडलं. खरं तर या रोगाचा विषाणू कांजिण्यांचाच. तो मणक्याजवळच्या मज्जापेशींत वर्षानुवर्षं दडून राहतो आणि पुन्हा उठला की सहसा एकाच बाजूच्या एका पट्ट्यात उतरतो. म्हणून ते तोंड-शेपूट जुळायचा प्रश्नच क्वचित येतो. तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. परकराची नाडी टेकली तरी ती कळवळायची. पंख्याचा वारा सहन व्हायचा नाही. मांडीवर सूप घेऊन बसणं बंद झालं, म्हणजे मजुरीही बंद. एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कातडी बघितली आणि तिच्यासमोरच म्हणाले, "जखम भरली आहे, आता हे मनाचं आहे, यांना कशात तरी गुंतवा." त्या दिवसापासून आईनं दुखतंय म्हणणं सोडलं. रात्री ती जागीच असायची, आम्हाला कळायचं.

वरून बरी दिसणारी कातडी आतून जळत असते, कारण तिथले मज्जातंतू बिघडलेले असतात. मज्जातंतूंची वेदना शोधण्यात आयुष्य घालवलेल्या माणसावर लिहायला तुम्हाला अख्खं पान होतं. त्याच कॅप्सेसिनची 8 टक्क्यांची पट्टी नागिणीनंतरच्या वेदनेसाठी अमेरिकेत 2009 साली मंजूर झाली. ती तासभर लावली की त्वचेतली मज्जातंतूंची टोकं काही आठवड्यांसाठी मागे सरतात. मिरचीबद्दलच लिहायचं होतं, तर हे का नाही लिहिलंत? आपल्या शहरात कितीतरी घरांत कुणीतरी म्हातारं माणूस असंच गप्प बसलेलं असेल.

आणखी एक. याच पानाच्या खाली 'नागीण तीन दिवसांत मुळासकट' अशी लेपाची जाहिरात आहे. नागिणीवर विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्या तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. नेमके तेच तीन दिवस तुमची जाहिरात लोकांना लेप लावत बसवते. ती बंद करा, आणि त्या जागेत 72 तासांची ही माहिती एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांकडून लिहवून घ्या. पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लस आहे, तेही त्यात येऊ द्या.

आपला,
एक वाचक, सोलापूर